झाकणाखाली कोण

इलोबास्को,
१२ ऑक्टोबर २०११

नोए, बाळा,

आधी इकडची ख्यालीखुशाली घे, मग बाकीचं. मी बरी आहे. गुडघे सोडले तर बाकी अवयव सांगितलेलं ऐकतात. सान मिगेलची जत्रा पार पडली. यंदा आकाशपाळणा मधेच बंद पडला आणि बेकरीवाल्या सोइलाची नवी सून अगदी टोकाला लटकून राहिली. निम्मं गाव खाली उभं राहून तिला धीर देत होतं आणि निम्मं तिच्या चपला कधी पडतात त्याची वाट बघत होतं. मका बरा आला आहे.

हे पत्र दोमितिला लिहिते आहे. आठवते ना? कुणी गेलं की नऊ दिवस घरी येऊन प्रार्थना म्हणणारी, आणि तामालेसचं पातेलं रिकामं झाल्याशिवाय शेवटचं आमेन न म्हणणारी. ती म्हणते, हे मी लिहिणार नाही. लिही गं बाई. मी बोलेन ते सगळं लिहायचं असं ठरलंय, कॉफी उगाच नाही पाजली.

तुझं पत्र मात्र तिनं वाचलेलं नाही. ते चांबानं वाचून दाखवलं. तुझ्या लॉस एंजेलिसहून तो लोकांचे बूट, शर्ट आणि पत्रं आणतो, इथून चीज आणि पत्रं नेतो, आणि दोन्हीकडच्या घरांतलं जे कानावर पडतं ते विमानातच टाकून देतो, म्हणून त्याचा धंदा टिकला आहे. अंगणात मातीच्या ढिगाशेजारी बसून वाचत होता. अर्ध्यावर थांबला, टोपी काढली आणि म्हणाला, "चेबाकाकी, पाणी आणू का?"

"मला कशाला पाणी? चेहरा तुझा पांढरा पडलाय."

पुढचं त्यानं उभं राहूनच वाचलं.

तू म्हणशील, फोन का नाही केलास? अरे, फोन आहे दुकानात, दुकानात गिऱ्हाइकं, आणि गिऱ्हाइकांना कान. शिवाय फोनवर मी रडले असते की हसले असते, माझं मलाच ठाऊक नाही, आणि ते तुला ऐकू गेलं असतं. कागदावर ऐकू येत नाही. चांबा परवा निघेल, तोवर हे लिहून व्हायला हवं.

तू दोन गोष्टी विचारल्यास. पहिली अशी: "आजी, मृतांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, मी तिला बरोबर घेऊन येऊ का, की नको? तू नको म्हणालीस तर मी तिला नाही म्हणून सांगेन." 'तिला' म्हणजे कुणाला हे दोमितिलाला अजून माहीत नाही, त्यामुळे ती पेनाचं टोक चावत माझ्याकडे बघते आहे. बघू दे. दुसऱ्या प्रश्नाकडे मी नंतर येते. उत्तर देते दोन्हींचं. पण मला माझ्या वाटेनं येऊ दे, मी म्हातारी आहे आणि मधे चढ आहे.

चांबानं वर्तमानपत्राचं कात्रणही दिलं. तुझा फोटो, आणि मागे घराएवढं चित्र: निळा क्रूस, त्यावर नाव, भोवती कागदाची फुलं. दाढी वाढवली आहेस. काढून टाक. चर्चच्या कोपऱ्यातल्या संतासारखा दिसतोस, पायाशी दानाची पेटी तेवढी हवी. चांबानं मजकूर वाचला: "चित्रकाराच्या निळ्या रंगात विरहाची खोल दरी आहे." कसली दरी! तो बाजारात भरल्या भाकऱ्या विकणाऱ्या पुपुसावालीच्या दारांचा उरलेला रंग होता. तिनं दारं रंगवली, डब्याच्या तळाशी राहिलं ते मला दिलं, मी त्यात टर्पेंटाइन घालून वाढवलं. पुढच्या वर्षी परत तेच, कारण तिच्या दारांचे परत पोपडे निघाले. तिला मी हे कात्रण दाखवलं, तर आता ती गिऱ्हाइकांना सांगते, माझ्या दारात दरी आहे, जपून आत या.

आणि तुझ्यावर सुरुवातीला छाप कुणाची पडली असं त्यांनी विचारलं, तर तू म्हणालास, "आजीची." बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण एका शब्दात उरकलंस. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर नीट सांग.

सांग, की आमच्या गावात माती चांगली आहे आणि लोक चोंबडे आहेत, आणि ह्या दोन्हींतून आमचा धंदा निघाला. अंड्याएवढं मातीचं झाकण करायचं. बाहेरून साधंच, लिंबू म्हणा, टोपली म्हणा, घर म्हणा. उचललं की खाली नखाएवढी माणसं. कुणी मक्याची भाकरी थापतंय, कुणी केस विंचरतंय, कुणाचा दात उपटतायत. ह्याला आम्ही अचंबा म्हणतो. वाह्यात अचंबे वेगळे, ते मी फडक्याखाली ठेवायची. पाद्रीबाबा दुकानाशी आले की फडकं ओढून घ्यायची.

"चेबा, फडक्याखाली काय?"

"पाव, बाबा."

"मग वास कसा येत नाही?"

"शिळा आहे, बाबा."

तू माझ्या मांडीशी बसून त्या माणसांना तोंडं काढायचास. मांजराच्या शेपटीचे केस काडीला बांधून केलेला ब्रश. शेजारची पोरं हसरी तोंडं काढायची. तुझी सगळी तोंडं उघडी, मागून कुणी तरी किंचाळल्यासारखी. लग्नाच्या अचंब्यात नवरा, नवरी, वाजंत्री, सगळे भेदरलेले. एक गिऱ्हाईक झाकण उचलून म्हणालं, "ह्यांना झालंय काय?" मी म्हटलं, "लग्न." विकलं गेलं.

आणि लितो पेंटरला विसरू नकोस. वर्षभर बसगाड्यांवर देवाची नावं रंगवायचा आणि ऑक्टोबर लागला की थडग्यांवर माणसांची. तुला बरोबर न्यायचा. तू अक्षरं शिकलास ती स्मशानात. शाळेत बाईंनी पाटीवर येत असेल ते लिही म्हटलं, तर तू सुरेख वळणदार अक्षरांत लिहिलंस, "येथे चिरविश्रांती घेत आहे", आणि खाली बाईंचं नाव. बाई आठवडाभर शाळेत आल्या नाहीत.

दोमितिला म्हणते, "हे सगळं पोराला पाठ आहे, चेबा. मुद्द्याचं बोल."

बोलते.

तुझे दुधाचे दात पडत होते तेव्हा ती पेटी आली. तुझी आई, माझी दिनोरा, उत्तरेला निघून गेल्याला मोसम उलटला होता आणि तिची काही खबर नव्हती. सरकारी गाडीतून पेटी आली, पत्र्यानं बंद केलेली, कडेनं डाग देऊन पक्की केलेली. बरोबरचा माणूस म्हणाला, सीमेपलीकडे वाळवंटात सापडली, जाकिटाच्या अस्तरात ओळखपत्र होतं. ते अस्तरात मीच शिवलं होतं. जाकीट त्यानं वेगळं पिशवीत आणलं होतं, त्यावर माझाच टाका होता. आणखी काय पुरावा हवा? "उघडू नका," तो म्हणाला, "उन्हात फार दिवस गेलेत. जशी होती तशी आठवणीत ठेवा." पुरुषांनी माना हलवल्या. बायकांनी शालीची टोकं तोंडाला लावली. आम्ही नाही उघडली.

तू तेवढा म्हणालास, "झाकण उचलून बघायचं ना."

कुणी तरी तुझ्या तोंडावर हात दाबला. मग तू घरी बसून एक अचंबा केलास. बाहेरून शवपेटी. झाकण उचललं की आत तुझी आई उठून बसलेली, हातात कॉफीचा कप. तेवढ्या एका माणसाचं तोंड तू हसरं काढलं होतंस. मी तो तुझ्यासमोर ओल्या मातीत परत कालवून टाकला.

पुढं तूही गेलास, मिसरूड फुटल्यावर लगेच. तुझ्या कपड्यांत मी काही शिवलं नाही, आठवतं? "आजी, निदान नाव तरी शिव," म्हणालास. मी म्हटलं, "नाव तोंडात ठेव." तिथं पोचून लोकांच्या भिंती रंगवल्यास, मग खानावळींच्या पाट्या, मग दुकानांतले संत, आणि मग हे क्रूस. सगळे क्रूस एकाच थडग्याचे.

नोए, ह्या गावात झाकण दिसलं की लोक उचलतात. पाहुणे आले तर नमस्काराआधी चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचलतात. सगळं गाव पोट भरतं ते झाकण उचलण्यावर. आणि एकच झाकण उचलायला हवं होतं, ते आम्ही उचललं नाही.

आता दोमितिला, नीट लिही, आणि पेन पडू देऊ नकोस. दिनोरा जिवंत आहे.

(पेन पडलं. परत घेतलं आहे. – दोमितिला)

जे बोलणं झालं तेही लिही म्हटलं मी तिला, म्हणजे तुलाही कळेल की अचंबा फक्त मलाच वाटलेला नाही.

"कोण जिवंत आहे?"

"दिनोरा. लॉस एंजेलिसमध्ये. नोएच्या चित्रासमोर येऊन उभी राहिली."

"चेबा, सकाळची गोळी घेतलीस का?"

"दोन्ही घेतल्या."

"अगं, मी तिच्यासाठी नऊ दिवस बसले होते! घसा बसला होता माझा! शेवटच्या दिवशी तिचा आत्मा दारातून बाहेर जाताना मी स्वतः पाहिला, सगळ्यांना सांगितलं!"

"पाहिला असशील. पण कुणाचा?"

त्यावर तिनं छातीवर क्रूस काढला, परत काढला, मग म्हणाली, "पुढं सांग."

पुढं तू लिहिलंस तेच. तुझ्या चित्रांच्या प्रदर्शनाची रात्र, लोक हातात पेले घेऊन हिंडत होते. एक बाई, कामावरचा कोट अंगात, मोठ्या चित्रासमोर उभी राहून तोंडावर हात धरून हसत होती. तू जवळ जाऊन विचारलंस, काय झालं? ती म्हणाली, "ह्या थडग्यात मी आहे ना?" तुला वाटलं, वेडी आहे. मग तिनं बाही वर केली. कोपराखाली भट्टीच्या विटेचा भाजल्याचा डाग.

तो डाग मला ठाऊक आहे. त्यावर मीच टोमॅटो चिरून बांधला होता आणि ती "मला सॅलड करतेस का" म्हणून रडता रडता हसली होती. तू पाठवलेला फोटो मी उन्हात धरून पाहिला. केस रंगवलेत, अंगानं भरली आहे, पण कान माझ्या आईचे. कान रंगवता येत नाहीत.

तुला वाटेल, मी गुडघे टेकून देवाचे आभार मानले. नाही. चांबा वाचत असताना मी माती मळत होते, आणि त्याचं वाचून झालं तरी मी मळतच राहिले. इतकी मळली की तिचं ताक झालं. तो म्हणाला, "काकी, पुरे." मला हसू आलं, ते थांबेना. आनंद नाही आला, नोए. तो कुठे अडकलाय कुणास ठाऊक. परवा साखर समजून कॉफीत राख घातली आणि प्याले. मेलेल्यासाठी प्रार्थना आहे, आजाऱ्यासाठी आहे, हरवलेल्या गाढवासाठीसुद्धा एक संत आहे. पुरलेलं माणूस परत आलं तर काय म्हणायचं, ते कुणी शिकवलेलं नाही. आत्ता दोमितिलाला विचारलं. तिलाही येत नाही.

आणि मला सगळ्यात जास्त कशानं हादरवलं, सांगू? तिला ठाऊक होतं. तू लिहिलंयस, तिकडे पोचल्यावर एका कपडे धुण्याच्या दुकानात तिला शेजारच्या गावची बाई भेटली. हिला ओळखत नव्हती. गप्पा मारता मारता सांगत बसली, इलोबास्कोत दिनोरा आलास नावाच्या पोरीची केवढी मोठी अंत्ययात्रा निघाली, आई कशी दोघांनी धरून चालवावी लागली. आणि आपली बाई कपड्यांच्या घड्या घालत ऐकत राहिली. तुला ती काय म्हणाली? "ऐकलं आणि अंगावरचं ओझं उतरलं." उतरलं! ते कुणाच्या अंगावर येऊन बसलं, ह्याची चौकशी नको करायला?

दोमितिला म्हणते, "हळू बोल, हात दुखतो." मी ओरडत होते वाटतं.

आता तुझा दुसरा प्रश्न. "बाबांविषयी ती सांगते ते खरं आहे का?"

जत्रा, मका, तुझी दाढी, एवढं सगळं मी बोलत बसले ते ह्या ओळीला उशिरा पोचावं म्हणून. खरं आहे. तो तिला मारायचा. तुमच्या आणि माझ्या घरात विटेची एकच भिंत होती. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला तोंड होतं. तू शाळेच्या वयाचा झालास, खर्च वाढला, म्हणून आई गेली, असं तुला सगळ्यांनी सांगितलं. तुझ्या वयाला तेवढंच झेपण्यासारखं होतं. ती गेली कारण एका संध्याकाळी तो तिला म्हणाला, "कुठंही जा, शोधून काढीन आणि ओढत आणीन." तो शोधायला निघणारच होता. मग पेटी आली. मेलेल्या बाईला कुणी शोधत नाही.

आणि हेही तितकंच खरं, की त्या थडग्यापाशी तो लहान पोरासारखा आडवा पडून रडला. नंतर दारू कमी केली. तुला खांद्यावर बसवून लितोकडे सोडायला जायचा, तुझ्या रंगाच्या काड्या जपून ठेवायचा. तुझा बाप तोच होता आणि तिचा नवराही तोच होता. एक खरा म्हणून दुसरा खोटा ठरवायला जाऊ नकोस, मी प्रयत्न केलाय, जमत नाही.

पण तोही मेला. खरोखर मेला, त्याची पेटी उघडी होती, मी स्वतः पाहिलं. त्यानंतर ती कुणाला भीत होती? हा प्रश्न तू तिला विचारू नकोस. तो माझा आहे.

पत्र वाचून चांबा त्याच्या घरी गेल्यावर मी स्मशानात गेले. गवत वाढलंय, महिनाअखेरीला सगळे साफ करायला येतील. आपल्या थडग्याच्या कट्ट्यावर बसले. निळा रंग पुन्हा सोलला आहे, खाली मागच्या वर्षीचा निळा, त्याखाली त्याच्या आधीचा. इतकी वर्षं मी तिथं बसून दिनोराला गावच्या चहाड्या सांगायची. आता खाली कोण आहे हेच माहीत नाही, तर चहाड्या कुणाला सांगायच्या? शेवटी विचारलं, "पोरी, तू कुणाची गं?"

तू लिहिलंयस ते मी तिथं बसून परत आठवलं. वाळवंटाच्या अलीकडे एका घरात सगळ्यांना कोंडून ठेवलं होतं. तिथं होंडुरासची एक मुलगी तापानं फणफणली होती, दात वाजत होते. दिनोरानं आपलं जाकीट तिच्या अंगावर घातलं. अस्तरात ओळखपत्र आहे हे तिच्या ध्यानातही आलं नाही. पहाटे दोन टोळ्या करून दोन वाटांनी नेलं. एवढंच. माझ्या मुलीनं एक चांगलं काम केलं, आणि त्याची पेटी माझ्या दारात आली.

म्हणजे पुपुसावालीचा निळा रंग मी हिला लावत होते. कागदाची फुलं मेणात बुडवून दर वर्षी करत होते ती हिला. दर सोमवारी मी चर्चमध्ये जाऊन एकट्या आत्म्यासाठी मेणबत्ती लावते, ज्याला जगात कुणी नाही त्या आत्म्यासाठी. आणि तो एकटा आत्मा इथं माझ्याच जागेत झोपलेला.

नोए, हिला आई असेल. कुत्रं भुंकलं की ती बाई अजून अंथरुणात उठून बसत असेल. मला निदान रडून घेता आलं. ते रडणं तिचं होतं, चुकून माझ्याकडे आलं.

तू लिहिलंस, सगळी चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवलीस, कारण ती खोटी निघाली, आणि त्या रात्रीपासून ब्रशला हात लावला नाहीस. बावळट आहेस. तू थडगं काढलंस. थडग्यात एक मुलगी आहे, कुणाची तरी पोर, प्रवासात मेलेली. तिच्यासाठी जगात फक्त एका माणसानं चित्रं काढली, तो तू. त्यात चुकलंय ते नावापुरतं. चित्रं सुलटी कर.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. कॉफी गार झाली, दोमितिलाचा हात आखडला, आणखी टाळायला काही उरलेलं नाही.

पत्र आल्या दिवशी मी नको म्हणणार होते. मेली ती मेली, मी तिचं सगळं केलंय, आता पुन्हा करणार नाही, असंच लिहायला लावणार होते. आजही सकाळी तेच मनात होतं. पण त्या मुलीचा चेहरा पाहिलेलं माणूस ह्या जगात एकच आहे, आणि ते दिनोरा आहे. तिला नको म्हटलं तर दोघींना परत पुरल्यासारखं होईल.

घेऊन ये.

तिचे कागद झालेत असं तू लिहिलंस. कुठल्या नावानं ते लिहिलं नाहीस. ज्या नावानं असतील त्या नावानं आण. विमानात तिला झोपू देऊ नकोस, आठवायला लाव: त्या मुलीनं स्वतःचं नाव काय सांगितलं, गाव कोणतं, दात कसे होते, केसांना काय बांधलं होतं, तापात कुणाला हाका मारत होती. सापडेल तेवढं सगळं. चांबाचा भाऊ होंडुरासला चीज नेतो, तो विचारत जाईल. तिकडच्या पाद्रीबाबांना दोमितिला पत्र लिहील.

(लिहीन. आणि ते नऊ दिवस तिच्या नावानं परत म्हणेन, कॉफीशिवाय. – दोमितिला)

आधी घरी आणू नकोस. थेट स्मशानात या. त्या दिवशी सगळं गाव तिथं असेल, कुणी रंग लावत, कुणी जेवत, वाजंत्री पैसे मागत हिंडत. दिनोराला बघून निम्मे बेशुद्ध पडतील. पडू देत, सावली आहे. दोमितिला म्हणते, मी कुणाला सांगणार नाही. म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल, तेवढं आपलं काम कमी.

क्रुसावरचं नाव तिनं स्वतः खरवडायचं. मला ते येणार नाही. मला अक्षर येत नाही हे तुला माहीत आहे. रंग लावताना मी नुसती त्या रेघांच्या कडेनं ब्रश फिरवते. कुठे तिचं नाव संपतं आणि कुठे तारीख सुरू होते, मला आजवर कळलेलं नाही. भलतंच काही खरवडून बसेन. तूही हात लावू नकोस, लितोबरोबर ते तूच रंगवलं होतंस. तिचं नाव आहे, तिनं काढावं. खरवडायची पट्टी मी आणीन. आणि मोकळ्या जागेत खरं नाव सापडेपर्यंत काही लिहायचं नाही. विरहाची दरीही नको.

ती समोर आली की मी काय करीन, सांगता येत नाही. थोबाडीत द्यावी असं वाटतं. मग वाटतं, त्या गालानं खूप मार खाल्लाय. मी होहुएलासच्या पातळ पुऱ्या तळून आणीन, वर गुळाचा पाक. दिनोराला तो फार लागायचा, अजून लागतो का विचारून ठेव, नाही तर दोमितिला संपवेल. आधी जवळून कान बघीन. नंतर काय ते तेव्हाचं तेव्हा.

एक राहिलं. तुझं पत्र मी चांबाकडून परत परत वाचून घेतलं. तिनं थडग्याविषयी विचारलं, रंगाविषयी विचारलं, चित्र काढायला कुठे शिकलास ते विचारलं. आपली आई अजून आहे का, हे विचारलेलं कुठे सापडलं नाही. चांबा म्हणाला, "काकी, राहून गेलं असेल." राहून गेलेलं नाही. तोंडून निघत नसेल. उत्तर काय येईल ह्या धास्तीनं मीही हल्ली बऱ्याच जणांविषयी विचारत नाही.

तर विमानात बसायच्या आधी तिला सांग. आहे.

तुझी आजी आणि दिनोराची आई,
युसेबिया आलास
(डाव्या हाताचा अंगठा)